अडीच तोळ्यांचा टन

सर्जेमामा प्रत्येक वजन दोनदा सांगायचे. पहिल्यांदा स्वतःच्या आवाजात, विट्याकडच्या बोलीत, तोळ्यात नाहीतर खाणीतल्या मापात. मग थांबायचे. त्यांच्या डाव्या हाताला एक रिकामं स्टूल असायचं, त्याच्याकडे जराशी मान वळवायचे आणि तेच वजन पुन्हा सांगायचे. या वेळी आवाज बारीक, भाषा एकदम साफ, शाळामास्तरासारखी, आणि मापं आमच्यापैकी कोणाच्याच ओळखीची नाहीत. शेकेल, गेरा, किक्कार. मी नोकरीला लागले त्या दिवशी त्यांनी माझ्या हातातली सोन्याची कातरण काट्यावर ठेवली आणि हा प्रकार केला, तेव्हा मी मनात म्हटलं, बाई, पहिल्याच दिवशी वेड्याच्या शेजारी बसवलंय तुला.

आमचं केंद्र सांगलीत, सराफ कट्ट्यामागच्या बोळात. दागिन्यातलं सोनं किती खरं ते तपासायचं आणि शिक्का मारायचा, एवढाच आमचा धंदा. आता मशीनं आली आहेत, पण वाद झाला की शेवटचा शब्द भट्टीचाच. सोन्याची कातरण शिशाच्या पत्र्यात गुंडाळायची, हाडांच्या राखेच्या वाटीत ठेवून भट्टीत घालायची. शिसं वाटी पिऊन टाकते आणि तळाशी मण्याएवढं सोनं उरतं. पुढे त्यातली चांदी तेजाबात काढायची आणि उरलेलं काचेच्या पेटीतल्या काट्यावर तोलायचं. मी बी.एस्सी. होऊन आले होते, पुस्तकातलं सगळं येत होतं. सर्जेमामांनी आयुष्य एका सोन्याच्या खाणीच्या प्रयोगशाळेत काढलं होतं, कर्नाटकात. खाण बंद पडली तसे गावी आले आणि शेठनी त्यांना इथे भट्टीवर बसवलं. विट्याच्या भागात घरटी एक माणूस सोनं-चांदी गाळायला देशभर गेलेला असतो, त्यामुळे मामांचं खाणीत जाणं कोणाला नवल वाटलं नव्हतं. नवल वाटायचं ते स्टुलाचं.

ते स्टूल कोणी हलवायचं नाही. एकदा शेठनी त्यावर पाण्याची बाटली ठेवली. मामांनी ती काही न बोलता उचलून टेबलावर ठेवली आणि शेठनीही काही न बोलता ती परत कधी तिथे ठेवली नाही. शेठ माणूस थट्टेखोर, कोणालाही सोडायचे नाहीत, पण या बाबतीत त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची.

मामा रोज विट्याहून एसटीनं यायचे. तिथेही तेच. डाव्या रांगेतलं दोघांचं बाकडं धरायचे, स्वतः वाटेकडेला बसायचे आणि डाव्या हाताच्या खिडकीच्या जागेवर रुमाल टाकायचे. एसटीत रुमाल टाकला म्हणजे जागा धरली, हे काही कोणाला शिकवावं लागत नाही. पण तासगाव आलं, तासगाव गेलं, तरी त्या रुमालाचा मालक चढायचा नाही. गर्दीत एखादी म्हातारी कुरकुरली की मामा लगेच उठून तिला स्वतःची जागा द्यायचे आणि सांगलीपर्यंत उभे राहायचे. रुमाल तिथेच. कंडक्टर सुरुवातीला भांडले, मग त्यांनाही सवय झाली. हे मला आमच्या शिपायानं सांगितलं, तोही त्याच गाडीचा.

बाजारात त्यांच्याबरोबर जाणं ही एक गंमत होती. गुळाच्या सौद्यात एकदा हमाल ढेपा उतरवत होते. मामांनी एका ढेपेवर हात ठेवला, म्हणाले, तीस किलो. मान वळवली आणि बारीक आवाजात म्हणाले, "म्हणजे एका किक्काराला थोडी कमी." हमालानं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी त्याला सांगितलं की मामा परदेशी मापं शिकवतात. एवढ्यानं त्याचं समाधान झालं आणि पुढच्या वेळी त्यानंच विचारलं की हळदीचं पोतं तुमच्या मापात किती भरतंय. दीड किक्काराच्या आसपास, असं उत्तर मिळालं. तो ते घरी जाऊन सांगणार म्हणाला.

तोवर मला हे सगळं म्हाताऱ्याचा चाळा वाटत होतं. माझी मुलगी झाली तेव्हा मामा दवाखान्यात आले, पाव किलो पेढे घेऊन. वजन विचारलं. अडीच किलो, मी म्हटलं. त्यांच्या डाव्या हाताला माझा पलंग होता आणि पलंगावर पोर. त्यांनी मान तिकडे न वळवता उजवीकडे वळवली, दाराकडे. म्हणजे तो जो कोणी होता, तो पलंगावर बसला नव्हता, दारात उभा होता. "दोनशे एकोणीस शेकेल," बारीक आवाज म्हणाला. मग मामा स्वतःच्या आवाजात हसून म्हणाले, शमू म्हनतोय पोरगी गुणाची हाय. सासूबाईंनी ते गेल्यावर पोरीची दृष्ट काढली. मी सुशिक्षित बाई, पण त्यांना अडवलं नाही. दारात कोण उभं होतं ते मला त्या दिवशी कळायलाच हवं होतं.

रजा संपवून परत आले त्या आठवड्यात काम कमी होतं. मामांनी मला खाणीतल्या लोकांचा एक खेळ दाखवला. कागदाचा चिटोरा काट्यावर तोलायचा, खाली घ्यायचा, त्यावर पेन्सिलीनं नाव लिहायचं आणि पुन्हा तोलायचा. काटा पुढे सरकतो. नावाचं वजन असतं. मी माझं नाव लिहिलं, ते फारच कमी भरलं, मी रुसल्याचं नाटक केलं. मग म्हटलं, आता तुमचं लिहा. त्यांनी पेन्सिल दाबून, एकेक अक्षर गिरवत लिहिलं. शमुवेल.

हे कोण, मी विचारलं. माझा स्वभाव चौकश्या करण्याचा आहे, सासूबाई त्याला वेगळं नाव ठेवतात. मामांनी भट्टीचं दार लावलं आणि सांगायला बसले. तो सगळा ऐवज मी त्यांच्याच क्रमानं सांगते.

शमुवेल साळवे हा साताऱ्याचा. ख्रिस्ती, मिशनच्या शाळेत शिकलेला, आईवडील तिथेच मास्तर. खाणीत मराठी बोलणारी माणसं मोजकी, त्यात सातारा-सांगलीचे हे दोघंच, म्हणून जोडी जमली. शमुवेल खाणीत खाली उतरून खडकाचे नमुने तोडून आणायचा. सर्जेमामा वर ते दळून, तोलून, भट्टीत घालून त्यात सोनं किती ते काढायचे. वाटी भट्टीत असली की दोघांना बसून राहावं लागायचं. त्या वेळात शमुवेल आपल्या शास्त्रातली जुनी यहुदी वजनं काढायचा आणि मामा त्यांना तोळ्यात बसवायचे. वीस गेऱ्यांचा एक शेकेल, आणि शेकेल हा तोळ्याहून दोनच गुंजा कमी, हे त्यांनी असंच बसल्या बसल्या शोधलं, आणि दोघांना इतका आनंद झाला की नमुना करपला. शास्त्रातल्या मंदिरात एका किक्काराचा सोन्याचा दिवा होता म्हणे. एवढं सोनं आपल्या खाणीतून काढायचं तर खडक किती फोडावा लागेल, याचा हिशेब त्यांनी केला. चार हजार टनांच्या वर आला. "एका दिव्यापायी," मामा म्हणायचे आणि प्रत्येक वेळी तेवढंच नवल करायचे.

खाणीत आणखी एक टन होता, आणि इथून पुढे मामांचा आवाज खाली गेला. नमुना तोलायच्या वजनालाच तिथे टन म्हणायचे. एवढंसं पितळी वजन, पण असं बेतलेलं की तेवढ्या दळलेल्या खडकातून जितके मिलिग्रॅम सोनं निघेल, तितके औंस सोनं खऱ्या टनभर खडकात आहे असं समजायचं. गुणाकार-भागाकार काही नको. घोळ एवढाच की टनाचे दोन प्रकार, लहान आणि मोठा, म्हणून ही वजनंही दोन. लहान टनाचं वजन बरोबर अडीच तोळे. शमुवेलच्या मापात एक्कावन्न गेरे. मोठ्या टनाचं पावणेतीन तोळ्यांच्या वर, सत्तावन्न गेरे. दिसायला दोन्ही सारखी, दोन्हीवर शिक्का तोच. खाणीचा सगळा हिशेब लहान टनाचा होता. मोठी वजनं गोऱ्या साहेबांच्या काळातली, कुठल्या तरी खणात पडून होती. चुकून मोठं उचललं तर खडक जास्त तोलला जाणार, सोनं जास्त निघणार, आणि खडक आहे त्यापेक्षा आठव्या हिश्श्यानं श्रीमंत दिसणार.

एका आठवड्यात मामांचं नेहमीचं वजन तपासणीला गेलं होतं. त्यांनी खणातलं एक काढलं. त्या वजनावर ज्या बोगद्याचे नमुने तोलले, तो बोगदा बंद करायचा की चालू ठेवायचा, हे त्याच कसावर, म्हणजे खडकात सोनं किती निघतं यावर, ठरायचं होतं. कस बरा आला. बोगदा चालू राहिला. शमुवेल पुन्हा नमुने आणायला खाली गेला आणि वरचा दाब न सोसून खडक फुटला. इतक्या खोल खाणीत खडक फुटतो, सगळ्यांना माहीत असतं. त्याला बाहेर काढलं तेव्हा नमुन्याची पिशवी हातात होती, मामांनी सांगितलं.

"खणात दोन्ही जातीची वजनं व्हती," ते म्हणाले. "मी कुठलं उचललं, मला ठाऊक न्हाई."

ते वजन त्यांनी त्या दिवशी खिशात घातलं आणि ते तेव्हापासून त्यांच्या चुन्याच्या डबीत होतं. तंबाखू सोडली, डबी सोडली नाही. कोपरीच्या आतल्या खिशात ती असायची, तिचा उंचवटा मी रोज बघत होते आणि मला वाटायचं, म्हातारा अजून चोरून खातो. केसाचं वजन सांगणारा काटा त्यांच्या पुढ्यात होता, रोज, इतकी वर्षं. दिसेल ते तोलणाऱ्या माणसानं ते एकच तोललं नव्हतं. मी म्हटलं, मामा, आत्ता ठेवू या काट्यावर, मिनिटभराचं काम आहे. त्यांनी खिशावर हात ठेवला आणि मान हलवली.

"माझ्या काट्यावर मी मलाच कसा जोखू, पोरी? ह्याचा हक्क येकाच मानसाचा हाय."

तो हक्क शांताबाईंचा होता, शमुवेलच्या बायकोचा. त्या साताऱ्याला, कॅम्पातल्या मिशनच्या आवारात एका खोलीत राहत होत्या. नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. मामा दर नाताळात त्यांच्याकडे गूळ घेऊन जायचे आणि बसून, चहा पिऊन परत यायचे. डबी दर वेळी खिशात जायची आणि दर वेळी खिशातच परत यायची. त्या वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या छातीचं काहीतरी सांगितलं. एकट्यानं प्रवास नको म्हणाले. मामांनी मला विचारलं, येतीस का. मी रजा टाकली.

साताऱ्याच्या गाडीत मी मामांच्या मागच्या बाकड्यावर बसले होते, कारण शेजारी रुमाल होता. कराड सोडल्यावर एकदा बारीक आवाज ऐकू आला. गाडीच्या खडखडाटात शब्द कळले नाहीत, पण मामा त्यावर "व्हय, व्हय" म्हणाले. डिसेंबरचं ऊन होतं, खिडक्या बंद होत्या, आणि मला थंडी वाजली ती गाडीतली नव्हती.

शांताबाई ताठ बाई. पांढरी साडी, केस घट्ट बांधलेले, बोलणं तोलून. मामांना भाऊजी म्हणायच्या. खोलीत भिंतीला शमुवेलचा फोटो होता, तरुण, चष्म्याचा. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं, कारण तो आवाज मला इतका ओळखीचा होता की तोंड बघायची भीती वाटली. बाईंनी चहा केला, मला सांगितलं की हे दोघं सुट्टीला घरी आले की मीठसुद्धा शेकेलनं मोजायचे आणि माझी भाजी खारट करायचे. मामा हसले नाहीत. त्यांनी डबी काढून टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. मला जे सांगितलं होतं तेच, त्याच शब्दांत. इतकी वर्षं पाठ केलेलं असावं.

सांगून संपल्यावर बाईंनी डबी उघडून आत बघितलं, वजनाला हात लावला नाही. मग नर्स रोग्याला विचारते तसं विचारलं, "मला गेरे नकोत, भाऊजी. तोळ्यात सांगा. किती भरलं तर काय?"

"अडीच भरलं तर मी सुटलो," मामा म्हणाले. "त्याच्यावर भरलं तर शमूला मी खाली धाडला. तुमी जोखा, वहिनी. आन् निरोप ह्या पोरीकडं द्या. मला फोनवर ऐकू येत न्हाई."

ऐकू उत्तम येत होतं. बाईंनी डबी मिटून फोटोखालच्या फळीवर ठेवली आणि आम्हाला जेवायला वाढलं. भाजी अळणी होती. निघताना मामांनी वाकून नमस्कार केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच केला असावा, कारण बाई एक पाऊल मागे सरकल्या.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. मी केंद्रात होते, मामा भट्टीशी पाठमोरे. मी बोळात आले. बाई म्हणाल्या, सराफाकडे गेले होते, दोनदा तोलायला लावलं. पावणेतीनच्या वर भरलं. मोठ्या टनाचं आहे.

बाईच पुढे म्हणाल्या, "त्यांना अडीच सांग."

मी म्हटलं, बाई, मी इथे खोटा शिक्का कधी मारला नाही. हे म्हणताना मलाच माझी लाज वाटली. त्या चिडल्या नाहीत. "माझा नवरा खाली गेला तो परत आला नाही," त्या म्हणाल्या. "आता या माणसालाही मीच खाली पाठवू का? अडीच सांग, मुली. वजन माझ्याकडेच राहील. ते आता कोणी तोलणार नाही." आणि फोन ठेवला. मी बोळात उभी राहून रडले. एका गिऱ्हाइकानं विचारलं, दागिन्यात खोट निघाली का. मी नाही म्हटलं.

आत गेले. मामा त्यांच्या जागेवर बसले होते, हात मांडीवर. खिशाचा उंचवटा नव्हता, तिथली कोपरी सैल पडली होती. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघू नये म्हणून मी काट्याची काच पुसायला घेतली आणि पुसता पुसता सांगितलं, शांताबाईंचा फोन होता. अडीच तोळे भरलं.

"अडीच तोळे," मामा म्हणाले.

मग सवयीनं थांबले. मान डावीकडे वळवली, स्टुलाकडे. आणि तो बारीक, साफ आवाज म्हणाला, "म्हणजे सत्तावन्न गेरे."

माझ्या हातातलं फडकं थांबलं. इतकी वर्षं शेजारी बसून मला कागद-पेन्सिल लागत नव्हती. अडीच तोळ्यांचे गेरे एक्कावन्न. सत्तावन्न म्हणजे मोठा टन. काट्यावर कधी न ठेवलेलं ते वजन त्या दोघांना पहिल्यापासून माहीत होतं.

मामा माझ्याकडे वळले. डोळे कोरडे होते. आवाज त्यांचा स्वतःचा.

"वहिनींस्नी सांग," ते म्हणाले, "लय उपकार झाले. सर्जेरावानं अडीच ऐकलं म्हनावं."

त्या दिवशी ते लवकर निघाले. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले, नको म्हणत होते तरी. विट्याची गाडी लागलेली होती. मला वाटत होतं, आज तरी ते खिडकीला बसतील. मी खालून बघत राहिले. ते चढले, नेहमीच्या बाकड्याशी थांबले, रुमाल काढला, झटकला आणि खिडकीच्या जागेवर नीट पसरून ठेवला. स्वतः वाटेकडेला बसले. माझ्याकडे बघून हात केला. महिनाभरात ते वारले, गावच्या घरी, झोपेत; त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा कळलं.

पण मला दिसतात ते त्या गाडीतले. गाडी भरत आली होती. एक पोरगा दप्तर घेऊन त्यांच्या बाकड्याशी आला, रुमालाकडे बघून म्हणाला, आजोबा, इथं कोण बसलंय का. मामांनी खिडकीकडे बघितलं, मग पोराकडे.

"बसलाय की, बाळा," ते म्हणाले आणि त्याला जागा द्यायला स्वतः उठून उभे राहिले.